तंबू माझे, फुलं जावेची

पहिली गोष्ट म्हणजे दऱ्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. भोकरच्या पुढं, डांबरी रस्ता संपतो तिथून पायी जावं लागतं, एवढं पुरे. दिवाळी अंक वाचून लोक गाड्या काढतात, तेरड्यात बसून फोटो घेतात आणि वेफरची पाकिटं टाकून येतात. शिवाय तो दरा माझा आहे. सातबारा माझ्या नावावर नाही, पण पावसाळ्यात तिथं माणसं मुक्कामाला न्यावीत हे आधी माझ्या डोक्यात आलं, दुसऱ्या कोणाच्या नाही. आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात गेलेली मला बघवत नाही. स्वभाव आहे, आणि पन्नाशी उलटल्यावर तो बदलत बसायला मला सवड नाही.

आमचं लातूरला मंडपाचं दुकान. माझं माहेर शिरूर अनंतपाळचं, शेतकऱ्याचं. लग्न होऊन आले ती थेट बांबू आणि कनातींत. या धंद्यात एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. चातुर्मास लागला की लग्नं बंद होतात आणि मंडपवाला गणपतीपर्यंत हातावर हात ठेवून बसतो. गडी बसून, दोर बसून, कनातींना गोदामात बुरशी. एका श्रावणात त्या बाजूच्या गावात सप्ताहाचा मंडप घालायला गेलो होतो. काम उरकल्यावर पाय मोकळे करायला म्हणून मी टेकडी चढले आणि पलीकडं बघितलं. उतारच्या उतार गुलाबी झालेला, खाली नाला, वर सागाला पांढरा मोहर. मी फुलांकडं बघून भान हरपणारी बाई नाही. मला पहिला विचार आला तो हा की ही जागा मुरमाड आहे, इथं खुंटी धरेल.

तंबूचा सगळा खेळ खुंटीचा असतो. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी आणि पावसात लोण्यासारखी. तिच्यात ठोकलेली खुंटी पहिल्या झडीला वर येते आणि तंबू माणसांच्या अंगावर बसतो. म्हणून मुरूम शोधायचा. सुती दोर भिजला की आखडतो आणि खुंटी उपटतो, म्हणून पावसात नायलॉनचा दोर लावायचा. तंबूभोवती चर खणायचा, उताराच्या वरच्या बाजूला खोल आणि खालच्या बाजूला उघडा. चुलीसाठी तुराट्या लातुरातूनच ताडपत्रीत गुंडाळून न्यायच्या, रानात कोरडं लाकूड मिळेल या भरवशावर राहायचं नाही. संडासाची कनात वाऱ्याकडं पाठ करून उभी करायची. आणि नाल्याच्या काठची झुडपं बघायची. झुडपात जिथवर काटक्या, पाचोळा, जुन्या चिंध्या अडकलेल्या दिसतात, तिथवर कधीतरी पाणी आलेलं असतं. तंबू त्याच्या चांगला वर. हे सगळं नीट झालं की कोणाच्या लक्षातही येत नाही. चुकलं की गावभर होतं.

लातूरच्या माणसाला रानात जेवायला शिकवावं लागत नाही. येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येला, अख्खा जिल्हा शेतात पंगती मांडतो. पण ती थंडी असते आणि पायाखाली कोरडं असतं. पावसात दोन रात्री रानात राहायचं म्हटलं की हीच माणसं वेगळी वागतात. एका गृहस्थांनी घरून स्टूल आणलं होतं, खाली बसून आंघोळ जमत नाही म्हणून. एका बाईंनी कुकर आणला, वर शिट्ट्या मोजायला आपली सून. निवृत्त झालेले एक बँकवाले दोन दिवस विचारत होते, फुलं नेमकी कुठून सुरू होतात. मी म्हटलं, साहेब, तुम्ही उभे आहात ती फुलंच आहेत. त्यांनी खाली बघितलं आणि म्हणाले, नाही, म्हणजे मुख्य फुलं.

आता माझ्या जावेविषयी.

सुवर्णा माझ्या धाकट्या दिराची बायको. उदगीरची. तिकडं कानडी वळण, त्यामुळं मला अक्का म्हणते. पहिली दोन वर्षं ती सैपाकाला म्हणून आली. भाकरी चांगली थापते, पण तेवढीच. फुलांची नावं तिला मीच शिकवली. ही रानहळद, हा कुर्डू, ही भारंगी, ही कळलावी, हिला हात लावू देऊ नको, कंद विषारी असतो. मी पुस्तकं आणून, गावातल्या बायकांना विचारून, फोटोंशी ताडून एकेक नाव पक्कं केलं होतं. एका वर्षी लोकांना फिरवून आणायचं काम मी तिच्यावर टाकलं, कारण रात्रीच्या वाऱ्यानं कनात फाटली होती आणि ती शिवणं जास्त गरजेचं होतं. दुपारी लोक परत आले ते हसत आले. त्या दिवसापासून मी मागं आणि ती पुढं.

ती काय करते ते मी लपून ऐकलेलं आहे. रानहळदीपाशी सगळ्यांना खाली बसवते आणि म्हणते, “हळू बोला, बाळंतीण हाय. पानाआड तोंड काढलंय, चार दिवसांत पुन्हा आत.” भारंगीपाशी म्हणते, “हिची भाजी सासूवानी. दोनदा उकळून पाणी फेकलं की मग गोड.” सासवा झालेल्या बायकाच त्यावर जास्त हसतात. कळलावीची पाकळी आधी पिवळी असते, मग लाल होत जाते. त्यावर ती म्हणते, “नवी नवरी बघा. आधी हळद, मागून कुंकू.” हे कुठल्याही पुस्तकात नाही. चालता चालता जे सुचेल ते बोलते, आणि लोक ते लिहून घेतात.

एकदा तिला ताप आला म्हणून मी लोकांना घेऊन निघाले. एकही नाव चुकलं नाही. कुर्डू, रानतीळ, तेरडा, पुढं चला, पाय जपून. निम्म्या वाटेवर एक बाई म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही हजेरी घेताय का?” सगळे हसले, मीही हसले. पण त्या बाई आणि त्यांचा तो निळा रेनकोट मला अजून आठवतो.

लोकांच्या बोलण्यात ती सुवर्णाताई आणि मी तंबूवाल्या मॅडम. घरी गेल्यावर फोटो तिला येतात. संक्रांतीला तिळगूळ तिला येतो. लातूरच्या बाजारात भेटले की मला विचारतात, सुवर्णाताई बऱ्या आहेत ना? मी बरी आहे का, हे कोणी विचारत नाही, कारण मी बरीच असणार असं सगळ्यांनी धरलेलं आहे.

हे मी भांडण म्हणून सांगत नाही. आमचं भांडण कधीच झालं नाही. हेवा आणि भांडण या वेगळ्या गोष्टी आहेत. भांडायला समोरच्याची चूक लागते, आणि तिची चूक नव्हती. मला फक्त तिच्यासारखं व्हायचं होतं आणि ते होत नव्हतं.

गेल्या श्रावणाच्या शेवटी नांदेडची एक तुकडी आली. सगळ्या बायका, एकाच भिशीतल्या, म्होरक्या कोत्तावारबाई. कापडाचं मोठं दुकान, ठसठशीत आवाज, हातात मधुमेहाच्या गोळ्यांची डबी. पहिल्या संध्याकाळी पंगत बसली होती. पिठलं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मी भाकरी वाढत होते, सुवर्णा पंगतीत त्यांच्याबरोबर जेवायला बसली होती, कारण त्यांनी तिला उठूच दिलं नव्हतं. कोत्तावारबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “सुवर्णाताई, तुम्ही दुसऱ्याच्या हाताखाली कशाला करून राहिल्यात हो? स्वतःचं काढा. नांदेडची माणसं मी देते. जागा हीच, तंबू काय कुठंही भाड्यानं मिळतात.”

बाकीच्या म्हणाल्या, “हाव, हाव, खरंय.”

मी त्यांच्याच ताटात भाकरी वाढत होते. त्यांनी वर बघून मला म्हटलं, “पिठलं वाढा, मॅडम.”

सुवर्णानं लगेच नाही म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, “उद्या सांगते, काकू.”

मी तंबूत जाऊन हिशोब केला. ती गेली तर माझ्याकडं काय उरतं? खुंट्या उरतात, दोर उरतात, चर कसा खणायचा ते ज्ञान उरतं. लोक चर बघायला येत नाहीत. नवरीशिवाय मंडप म्हणजे उन्हाला धरलेलं कापड. ती गेली तर दरा गेला, आणि तो तिच्या नावानं चालेल, माझ्याच जागेत. हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मी उठून चुलीपाशी जाऊन उगीचच तुराट्या मोडत बसले.

सकाळी आभाळ आमच्या डोक्यावर मोकळं होतं. पण दऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथून नाला येतो तिकडं, शाई सांडल्यासारखं काळं. माझा एक नियम आहे. वर काळं असेल तर खाली ऊन पडलेलं असलं तरी नाला ओलांडायचा नाही. सुवर्णाला मी सांगितलं, “आज अलीकडूनच दाखव. पाय भिजवायचे नाहीत.” ती म्हणाली, “हाव अक्का.”

मी आणि मारुती संडासाची कनात दुसरीकडं हलवत होतो. मारुती आमच्याकडचा जुना गडी, निम्मं आयुष्य बांबूवर काढलेला. नाल्याचा आवाज बदलला तो आधी त्यानं ऐकला. हातातला घण खाली ठेवून म्हणाला, “वहिनी, पानी बोलून राहिलंय.”

आम्ही काठावर पोचलो तोवर पाणी लाल झालं होतं आणि त्यातून फांद्या वाहत होत्या. पलीकडच्या उतारावर, कमरेएवढ्या तेरड्यात, अख्खी भिशी. प्रत्येकीच्या हातात मुळांसकट उपटलेल्या तेरड्याच्या जुड्या. महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, तोंडावर आल्या होत्या. पत्रीत घालायला डोंगरातला तेरडा हवा, ओल्या पोत्यात ठेवला तर टिकतो, असं कोणीतरी काढलं आणि सगळ्या निघाल्या. नांदेडच्या मोंढा बाजारात ढिगानं मिळणारी वस्तू. आणि सुवर्णा त्यांना घेऊन गेली, सकाळी मला हाव म्हणून.

मी खोटं लिहिणार नाही. त्या क्षणी मला भीती वाटली आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी वाटलं. आता कळेल यांना, असं वाटलं. आता बाळंतिणीच्या गोष्टी सांगून दाखव. आता कोत्तावारबाई विचारतील, इथं जबाबदार कोण आहे, आणि माझ्याकडं बघतील.

पलीकडून सुवर्णा ओरडली, “अक्का, आमी बऱ्या हाव.”

“वर चढा,” मी ओरडले. “त्या मोहाच्या झाडाखाली. कोणी खाली यायचं नाही.”

ती चढली, बायका चढल्या. असा नाला जसा चढतो तसाच उतरतो, पण त्याला दुपार जाते. पाऊस आमच्यावरही आला. त्यांच्याजवळ एक ताडपत्री होती, ती त्यांनी डोक्यावर धरली. मी वाट बघत होते की आता रडारड सुरू होईल. पाण्याच्या आवाजातून मला ऐकू आला तो हशा. मग टाळ्या. मग एकेकीचा उखाणा, आणि प्रत्येक उखाण्यानंतर पुन्हा हशा. नांदेडच्या त्या प्रतिष्ठित बायका, निम्म्या सासवा झालेल्या, पुराच्या काठावर भिजत बसून नवऱ्यांची नावं घेत होत्या. मधोमध सुवर्णा उभी, पदर खोचून.

मी अलीकडं उभी होते. माझ्याकडं कोरडे तंबू होते, चूल होती, पीठ होतं. आणि मला वाटत होतं की आपणही तिकडं अडकायला हवं होतं.

मारुती म्हणाला, “वहिनी, जेवणाचं काय? त्या जाड्या बाईनं गोळी घेतलीया सकाळी.”

ते माझ्या ध्यानातच नव्हतं. कोत्तावारबाई जेवणाआधीची गोळी घेऊन निघाल्या होत्या, तासाभरात परत येऊ म्हणून. गोळी पोटात आणि अन्न नाही, म्हणजे साखर खाली जाणार. माझ्या सासऱ्यांचं असंच व्हायचं, घाम फुटून माणूस बसल्या जागी लवंडतो. त्यांना घाम फुटलाय का, मी सुवर्णाला ओरडून विचारलं. ती कोत्तावारबाईंकडं वळली, त्यांच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडं बघून नुसती होय अशी मान हलवली. तेवढ्यापुरती ती हसली नाही.

मग मी माझं काम केलं. मंडप उंच असला की वरच्या माणसाला सामान पोचवायला आम्ही दोर ताणतो आणि बादली सरकवतो. तेच करायचं होतं, फक्त मध्ये पाणी. मारुतीनं बारीक दोरीला दगड बांधून भिरकावला. दोनदा पाण्यात गेला, नंतर पलीकडच्या झुडपात अडकला. सुवर्णानं तो घेतला, त्यामागून जाड दोर ओढून घेतला आणि मोहाच्या खोडाला बांधला. कशी गाठ मारते ते मी बघत होते. मंडपाची गाठ, ओढ बसेल तशी आवळत जाणारी. तीही मीच शिकवलेली. आम्ही आमच्या बाजूला दोर उंच बांधला, घणाच्या दांड्यानं पीळ देऊन ताणला. पहिली बादली लगेच सोडली, मग मी बसून भाकऱ्या थापल्या. पहिल्या बादलीत गूळ, शेंगदाणे आणि पाण्याची बाटली. दुसऱ्या बादलीत भाकरी, पिठलं, कांदा. बादल्या वर प्लॅस्टिक बांधून पाण्यावरून डुलत गेल्या.

पलीकडं टाळ्यांचा कडकडाट झाला. बादली उतरवून घेणाऱ्या सुवर्णासाठी.

कोत्तावारबाईंनी गूळ खाल्ला, मग भाकरी खाल्ली, मग त्यांचा आवाज परत आला. तो मला सगळ्यात आधी ऐकू आला. त्या म्हणत होत्या, “वा, सुवर्णाताई.”

ऊन कलताना पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं. ताणलेल्या दोराला धरून मारुतीनं आणि मी एकेकीला अलीकडं आणलं. तेरड्याच्या जुड्या कोणीही सोडल्या नव्हत्या. त्याही डोक्यावर धरून आणल्या. मी तोंड उघडून दोन शब्द बोलणार होते, नियमाबद्दल. पण कोणाचं लक्षच नव्हतं. सगळ्या सुवर्णाला मिठ्या मारत होत्या. कोत्तावारबाई माझा हात धरून म्हणाल्या, “मॅडम, सुवर्णाताई होत्या म्हणून वाचलो.”

मी म्हटलं, “हो.” सुवर्णा होती म्हणूनच अडकलात, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. धंद्यात गिऱ्हाईकाला सगळीच वाक्यं ऐकवायची नसतात.

त्या संध्याकाळी सुवर्णा आणि कोत्तावारबाई शेकोटीपाशी बराच वेळ बोलत होत्या. मी गेले नाही. मला वाटलं, ठरलं असणार. अशा दिवसानंतर कोण नाही म्हणेल? मी दोर धुवून वाळत घातले.

सकाळी आवराआवर. ओली कनात जड असते, एकट्यानं तिची घडी होत नाही. सुवर्णानं दुसरी दोन टोकं धरली. आम्ही ती झटकली, ताणली.

“अक्का,” ती म्हणाली, “काकूला न्हाई म्हणून सांगितलं.”

मी कनात सोडली नाही. “का ग? त्या नांदेडचे लोक देत होत्या ना.”

“लोकाचं काय, लोक यिऊन जातील.” तिनं टोक माझ्या टोकाला आणून लावलं आणि खालची कड उचलली. “काल पाणी चढलं ना, तवा मला काईच सुचंना. मी नाल्याकडं बगितलं न्हाई, आभाळाकडं बगितलं न्हाई. तुमच्याकडं बगितलं. तुमी झाड दाखवलं, वर चढा म्हणालाव. म्हटलं, अक्का हाय. मग मी निवांत उखाणे सुरू केले. माझ्या नावानं काढलं तर मी कुणाकडं बगू?”

“स्वतःकडं.”

“अय्यो, ते मला न्हाई जमत. वरचं आभाळ बगा, झुडपातल्या काटक्या बगा, कुणी गोळी घेतली ते बगा. डोकं उठतं. तुमाला आवडतंय ते.”

“मला आवडतं असं कोण म्हणालं?”

ती खरोखरच चकित झाली. “न्हाई आवडत?”

मी तिच्या हातातली कड घेतली. कनातीची तिसरी घडी घातली.

“आणि काल सकाळी मी नाही म्हटलं होतं,” मी म्हणाले. “तरी का गेलीस?”

“बायकांचं मन मोडवंना, अक्का.”

एवढंच. तिला त्यापेक्षा जास्त कारण लागत नाही. ती घडी घेऊन सामानाच्या ढिगाकडं गेली आणि वाटेत दोघींशी थांबून बोलली, त्या हसल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, दरा वाचला, धंदा वाचला. तिनं माझी स्तुतीच केली होती. पण मी ती जशी जशी मनात उलगडत गेले तशी मला ती टोचायला लागली. म्हणजे पलीकडचं ते सगळं हसणं, टाळ्या, उखाणे, माझ्या जिवावर चालले होते. मी अलीकडं भाकरी थापता थापता तिचा हेवा करत होते आणि ती पलीकडं मला बघून निश्चिंत झाली होती. इतकी वर्षं मला वाटायचं, लोक तिच्यावर जीव टाकतात याचा मला हेवा वाटतो. ते खरंच आहे. पण त्याहून जास्त हेवा मला तिच्या त्या निवांतपणाचा वाटतो. तिच्यासाठी पलीकडच्या काठावर कोणीतरी उभं असतं. माझ्यासाठी नसतं. आणि त्यात तिचा काही दोष नाही, हेच अवघड आहे. मी वर्षानुवर्षं असं वागत आले की कोणाला तिथं उभं राहायची गरजच वाटू नये.

हे मी तिला बोलले नाही. बोलून काय करायचं? गणपतीचे मंडप तोंडावर आले होते.

जीपमध्ये मी पुढं, ड्रायव्हरशेजारी. सुवर्णा माझ्या मागं, कोत्तावारबाईंच्या बाजूला, बाकीच्या दाटीवाटीनं, पायाशी तेरड्याची ओली पोती. मारुती सामानाच्या टेम्पोत. भोकर यायच्या आधीच सुवर्णाला झोप लागली. मान कोत्तावारबाईंच्या खांद्यावर, तोंड किंचित उघडं. रस्त्यावर खड्डे होते, ड्रायव्हरनं रात्री जागरण केल्यासारखा चेहरा केला होता, त्याला डुलकी लागू नये म्हणून मी त्याच्याशी बोलत होते. शिवाय मागं टेम्पो दिसतोय का ते आरशात बघत होते, आणि नांदेडला पोचल्यावर ओल्या कनाती कुठं पसरायच्या याचा विचार करत होते.

मागं कोणीतरी मोठ्यानं हसलं. लगेच दुसरी म्हणाली, “हळू, सुवर्णाताई दमल्यात.” मग सगळ्या कुजबुजत बोलायला लागल्या.

कोत्तावारबाईंनी माझ्या खांद्याला हात लावला. मला वाटलं, काही बोलायचंय.

“मॅडम,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “तेवढी तुमची खिडकी लावून घ्या. त्यांच्या तोंडावर वारा येऊन राहिलाय.”

मी काच वर केली.